गंगाजळी उघडायची वेळ

जबलपूर, १२ ऑक्टोबर १९७१

चि. श्रीरंग,

सात वर्षांत तुझं पहिलं कार्ड आलं आणि त्यात एकच ओळ. 'तुझी गंगाजळी सुखरूप आहे ना?' उघडं कार्ड, तेव्हा पोस्टमनने वाचलं, शेजारच्या अंजनीबाईंनी वाचलं, मग बेबीने वाचलं आणि शेवटी माझ्या हाती आलं. मी सगळ्यांना सांगितलं, मुलगा आईची खुशाली विचारतो आहे. फार खोटं बोलले असं मला वाटत नाही.

गंगाजळी आहे तिथे आहे. तू काळजी करू नको.

पण मी मास्तरांची मुलगी. शब्द अर्धवट वापरलेला मला खपत नाही, म्हणून सांगते. तुझे आजोबा काशीहून गंगेच्या पाण्याने भरलेला तांब्याचा गडू घेऊन आले होते. तोंडावर झाकण ठेवून तांबटाकडून डाख देऊन पक्कं झाळून घेतलेलं. आपल्या देवघरात होता तो, लहानपणी तू कानाशी धरून हलवायचास. त्या गडूलाच गंगाजळी म्हणतात. विहीर आटली, नळ बंद पडला, तरी त्याला हात लावायचा नसतो. माणूस जायला निघाला की झाकण उडवायचं आणि त्याच्या तोंडात दोन थेंब घालायचे. माझे वडील सांगायचे, त्यावरूनच शेवटच्या नडीसाठी राखून ठेवलेल्या पैशालाही लोक गंगाजळी म्हणू लागले. इथल्या बायका आपल्याला हसायच्या. "नर्मदा मैया दरवाजे पे हैं, और आप गंगाजी का पानी सँभाल के बैठी हो?" त्यांच्यात तर मानतात की गंगाच वर्षातून एकदा काळ्या गाईच्या रूपाने नर्मदेत न्हायला येते.

तुझ्या बाबांची गंगाजळी म्हणजे ती सोन्याच्या मण्यांची माळ. दर दिवाळीला ओव्हरटाइमच्या पैशांतून सराफ्यात जाऊन एक मणी आणायचे आणि दोऱ्यात ओवायचे. कधी मुगाच्या डाळीएवढा, कधी मटाराएवढा, ज्या वर्षी जसं काम निघालं तसा. तुला त्याच माळेचा राग आहे, हे मला कळतं.

आता कामाचं. बेबीचं लग्न ठरलं आहे. मुलगा चंद्रशेखर, नागपूरला रेल्वेच्या ऑफिसात आहे. माणसं साधी आहेत, हुंड्याचं नाव काढलं नाही. सहा फेब्रुवारीचा मुहूर्त. होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या भाऊच घालतो, ते तुझं काम. दुसरं कोणी ते करू शकतं असं भटजी म्हणतात, पण बेबी ऐकायला तयार नाही. तू तिच्या नावाने दर महिन्याला मनिऑर्डर पाठवतोस, कुपनावर 'बेबीसाठी' एवढंच लिहितोस. ती सगळी कुपनं तिने जपून ठेवली आहेत.

सूनबाईला आणि बाळाला घेऊन ये. मी दोघांनाही पाहिलेलं नाही.

तुझी आई


जबलपूर, ९ नोव्हेंबर १९७१

चि. श्रीरंग,

पत्र मिळालं. 'बाबांची माळ बेबीच्या गळ्यात घाल, मग मी येतो.' या वेळी पाकिटात घालून पाठवलंस, तेवढी माझी लाज राखलीस.

माळ बेबीच्या गळ्यात दिसणार नाही. का, ते विचारू नको.

तू लिहितोस की अंबरनाथच्या कारखान्यातही तुला तो दिवस आठवतो. मला आठवत नाही असं वाटतं का तुला? डॉक्टर म्हणाले, यांना नागपूरला हलवा, उपाय होईल. होईलच का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, कदाचित. तू माळ मागितलीस. मी म्हटलं, गंगाजळीला हात लावायचा नाही. तू ओरडलास, "बाबा मरून राहिले अन् तू काहून सोनं धरून बसली?" अंगणात दहा माणसं उभी होती. मी खाली मान घालून उभी राहिले. तू बाबांकडे वळलास, तर ते डोळे मिटून म्हणाले, "आई म्हणून राहिली ते ऐक." नवव्या दिवशी ते गेले. गडूचं झाकण तूच छिन्नीने उडवलंस. तेरावं झालं आणि तू निघून गेलास.

एक सांगते, त्या 'आई म्हणून राहिली'चा मला अजून राग येतो. स्वतः बाजूला राहिले आणि मला पुढे केलं. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावते. फोटोला हार घालतानाही रागावते.

दुसरी गोष्ट तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. बाबांच्या तोफांच्या कारखान्याची क्वार्टर सोडल्यापासून आम्ही घमापुरात दोन खोल्यांत राहतो आणि मी डबे करते. कारखान्यात एकटे राहणारे पुष्कळ लोक आहेत, त्यांना घरचं जेवण लागतं. सात डब्यांपासून सुरुवात केली, आज एकवीस आहेत. बळीराम म्हणून मझौलीचा एक जण आहे, तो आपलं वरण खाऊन म्हणतो, "अम्मा, दाल में शक्कर काहे डालती हो?" आणि दोन वाट्या जास्त घेतो. बेबीचं लग्न या डब्यांतून होईल. थाटात नाही, पण नीट होईल.

मटार स्वस्त झाला आहे. शहपुऱ्याहून नथ्थू पोतंभर देऊन गेला. इथल्या कारखान्यात तुझ्या पत्रा दाबायच्या प्रेसवर हेल्पर होता तोच. पीठही त्याच्याच चक्कीवरून येतं. तुझी चौकशी करत होता.

तू ये रे. माळेचं मग बघू.

तुझी आई


जबलपूर, ११ डिसेंबर १९७१

चि. श्रीरंग,

दुप्पट रकमेची मनिऑर्डर आली. या वेळी कुपनावर जरा जास्त लिहिलं आहेस. 'घरात सोनं ठेवून लोकांची भांडी घासणारी आई फक्त मलाच मिळाली.' खरं आहे, दुसरी मिळणार नाही. पैसे परत केले आहेत. बेबी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

लढाई सुरू झाल्यापासून इथे उसंत नाही. खिडक्यांना काळे कागद चिकटवले आहेत. माणसं दोन-दोन शिफ्ट करून राहिली आहेत, म्हणून डबे तेहेतीस झाले. काल बळीराम डबा उघडून समोर बसला आणि घास हातात घेऊनच झोपला. मी त्याला हलवून उठवलं आणि म्हटलं, आज मशीनवर जाऊ नको. तो हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी त्याच्या फोरमनला निरोप पाठवला, पोराला आज सुट्टी द्या म्हणून. फोरमनला वाटलं असेल, ही खानावळवाली कोण लागून गेली.

तुमच्याकडेही असंच असणार. तू अजून प्रेसवरच उभा राहतोस का? एवढं मला नक्की कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. दोन शिफ्ट लागोपाठ करू नको. झोप आली तर आली म्हणून सांग, त्यात कमीपणा नाही. मशीनचा पायडल दाबायच्या आधी समोरच्याचे हात बघत जा. मान हलवण्यावर भरवसा ठेवू नको.

म्हातारी काहीतरी बडबडते असं समज आणि ऐक.

तुझी आई


जबलपूर, ६ जानेवारी १९७२

चि. श्रीरंग,

सूनबाईचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलं आहे, तिला रागावू नको. विभावरीचं अक्षर सुंदर आहे. तिने बाळाचा फोटो पाठवला आणि लिहिलं की एक तारखेपासून तू मशीनवर नाहीस. नव्या मुलांना शिकवायला तुला ट्रेनिंगच्या शेडमध्ये घेतलं. मी पत्र देवापुढे ठेवलं आणि पुष्कळ रडले. बेबी घाबरली, काय झालं म्हणून. म्हटलं, दादाला बढती मिळाली.

आता सांगते. नऊ वर्षं सांगितलं नाही ते सांगते. खुर्चीत बसून वाच.

सन बासष्ट, नोव्हेंबर. चीनची लढाई चालू होती, तू बावीस वर्षांचा, प्रेसवर. सलग दुसरी शिफ्ट होती तुझी. तुझ्यासमोर नथ्थू होता. पत्रा अडकला म्हणून नथ्थूने हात घातला आणि त्याची तीन बोटं गेली. तुला जे माहीत आहे ते असं की त्याने न सांगता हात घातला. चौकशीत त्याने तसंच लिहून दिलं, अंगठा उमटवून.

तसं झालं नव्हतं. नथ्थूने आधी "रुको" म्हटलं होतं. तुझ्याकडे बघून म्हटलं होतं, आणि तू मान हलवलीस. तुझे डोळे उघडे होते पण तू झोपेत होतास. मग तू पायडल दाबलास.

बाबा त्याला बघायला दवाखान्यात गेले तेव्हा हे त्याने त्यांना सांगितलं. तक्रार म्हणून नाही. म्हणाला, "पुंडलिक बाबू, लड़का सो गया था. जान के थोड़ी किया. नाम लूँगा तो नौकरी जाएगी उसकी. मेरा तो हाथ गया सो गया." स्वतःची चूक लिहून दिली म्हणून त्याला भरपाईही नावापुरती मिळाली. घरी दोन मुली, आणि उजवा हात निकामी.

बाबा घरी आले, डब्यातून माळ काढली. मी आडवी आले. खोटं कशाला सांगू, मी चांगलीच भांडले. म्हटलं, दुसरं काहीही द्या, ही गंगाजळी आहे. तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलेली नाही. म्हणाले, "लोक अर्धंच शिकतात. गंगाजळीला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती ठेवतात तर उघडायसाठीच ना? वेळ आली अन् फोडली नाही, तर ते नुसतं शिळं पाणी." दुसऱ्या दिवशी माळ नथ्थूकडे गेली. तिच्यावर त्याने शहपुऱ्यात पिठाची चक्की घातली. ती अजून चालते आहे आणि तिच्यावर त्याच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली.

मग बाबांनी तो झाळलेला गडू माझ्या हातात दिला आणि मला शपथ घातली. म्हणाले, "ज्याच्या मनात भीती बसली तो प्रेसवर उभा राहू शकत नाही. पोराला कळलं तर त्याचा पाय थरथरेल, अन् मग त्याचीच बोटं जातील. तो मशीनवर आहे तोवर बोलू नको." मी शपथ घेतली. दोन वर्षांनी तू माळ मागितलीस तेव्हा माळ नव्हती, रंगा. मी काय सांगणार होते? सराफाकडे आहे म्हणाले असते तर तू सराफाकडे गेला असतास. चोरीला गेली म्हणाले असते तर पोलिसांत. 'देणार नाही' एवढं एकच असं होतं की त्याच्या पुढे तुला जाता आलं नसतं. बाबांनी तेव्हा डोळे मिटले ते यासाठी. मला कंजूष ठरवून त्यांनी तुला वाचवलं, आणि मी त्यांना साथ दिली. नागपूरला नेलं असतं तर ते वाचले असते की नाही, हे मला माहीत नाही. रोज विचार करते, तरी माहीत नाही.

आता तू मशीनवर नाहीस, म्हणून शपथ सुटली असं मी धरते. ज्यांनी घातली ते विचारायला नाहीत. पण खरं सांगायचं तर तुझ्या भल्यासाठी लिहीत नाही. मला माझा मुलगा हवा आहे. सात वर्षं पुरे झाली. नातवाचा फोटो हातात धरून बसले आणि धीर सुटला. यात तुला त्रास होईल हे मला दिसतं आहे आणि तरी लिहिते आहे, याबद्दल मला माफ कर.

लग्नाला ये. नथ्थूही येणार आहे.

तुझी आई


जबलपूर, २० फेब्रुवारी १९७२

चि. श्रीरंग,

तू आलास. दारात ट्रंक ठेवून बेबीला हाक मारलीस तेव्हा माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. होमाला बसलास, लाह्या घातल्यास. जावयाचा कान मात्र असा पिळलास की तो दुसऱ्या दिवशीही चोळत होता. बेबी नागपूरला सुखात आहे, तिचं पत्र आलं. विभावरीने माझ्याबरोबर पन्नास माणसांच्या पुऱ्या लाटल्या, नातू माझ्या कुशीत झोपला. माझ्यापुरतं एवढं पुरे होतं.

तू माझ्याशी बोलला नाहीस तेव्हा मी समजले, अजून वेळ लागेल. पण जेवणं झाल्यावर तू नथ्थूला मागे नळापाशी घेऊन गेलास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. ऐकायला नको होतं, ऐकलं. तू त्याचा हात धरून विचारलंस, "सच बताओ नथ्थू भैया, तुमने रुको बोला था?" आणि तो म्हणाला, "नहीं भैया. हाथ मैंने बिना बताए डाला था. अम्मा की उमर हो गई है, उनको गलत याद है."

तू त्याच संध्याकाळच्या गाडीने गेलास.

आता तुझं पत्र समोर आहे. 'एक जण माझी चूक होती म्हणतो, एक जण नव्हती म्हणतो. माळ खरंच नथ्थूला दिली, की तू हे सगळं रचलंस? मी कोणावर विश्वास ठेवू?'

वाचून माझं डोकं फिरलं. नथ्थू दुसऱ्या दिवशी पीठ घेऊन आला होता, तेव्हाच मी त्याला फैलावर घेतलं होतं. म्हटलं, मी सात वर्षं पोराच्या शिव्या खाल्ल्या, नवरा घालवला, आणि तू मला त्याच्यासमोर म्हातारचळ लागलेली ठरवतोस? उचल तुझं पीठ आणि चालता हो. तो गेला नाही. पोतं कोपऱ्यात नीट लावून ठेवलं आणि उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "अम्मा, उसने मेरा हाथ पकड़ रखा था. उसकी उँगलियाँ काँप रही थीं. वहाँ जाके उसे बीस लड़कों को मशीन सिखानी है. काँपते हाथ से कैसे सिखाएगा?" मी उठून आत गेले. चहा केला, तो प्यायला आणि गेला.

तेव्हापासून तेरा दिवस मी विचार करते आहे. माझी बाजू मांडायला माझ्याकडे पुरावे आहेत. चक्की कधी घातली ते शहपुऱ्यात कोणीही सांगेल. माळेचे मणी ज्या सोनाराने दिले आणि नथ्थूकडून ती माळ ज्याने विकत घेतली तो एकच आहे, सराफ्यात विष्णू सोनी, अजून दुकानात बसतो. तू एक दिवस आलास तर सगळं तुझ्यासमोर उभं करीन आणि तू माझ्या पाया पडशील, हे मला दिसतं आहे. ते मला हवंही आहे. नाही म्हणाले तर ढोंग होईल.

पण मग नथ्थूचं काय उरेल? ज्याच्या हाताची बोटं गेली तो माणूस पहिल्यांदा खोटं बोलला तेव्हा त्याला भरपाई सोडावी लागली. दुसऱ्यांदा बोलला तेव्हा त्याला माझा राग घ्यावा लागला. दोन्ही वेळा त्याच्या पदरात काही पडलं नाही. दोन्ही वेळा ते फक्त तुझ्यासाठी होतं. तो त्याच्याजवळचं सगळ्यात मोलाचं तुला देतो आहे आणि मी खिडकीतून हात घालून ते काढून घेऊ म्हणते.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि विचार करून देते. नथ्थूवर विश्वास ठेव. त्याने सांगितलं तसंच झालं असं समज आणि शांत हाताने पोरांना शिकव. फक्त त्यांना सांग की समोरच्याने मान हलवली तरी तोंडाने 'हो' म्हणेपर्यंत पायडल दाबायचा नाही. का, ते त्यांना सांगायची गरज नाही.

नथ्थूला दोन ओळी लिही. हिंदीत लिही, त्याची धाकटी माहेरी आली आहे, ती वाचून दाखवेल.

माझं काय, मी आई आहे. माझ्यावर सावकाश ठेवलास विश्वास तरी चालेल.

तुझी आई